टाकीच्या झाकणावरचे दोन सेल

आधीच सांगून टाकतो... भूत, आत्मा, लागीर यातलं मी काहीही मानत नाही. "तेव्हा मानत नव्हतो, आता मानतो" असंही लिहिणार नाही, कारण आजही मानायची माझी तयारी नाही. का नाही, ते शेवटपर्यंत वाचलंत तर कळेल. इथे बरेच जण लिहितात, विश्वास ठेवा नाहीतर नका ठेवू. माझं उलट आहे. मला विश्वास नकोय, मला एखादं साधं, रोखठोक कारण हवंय. कुणाकडे असेल तर द्या.

मी गॅस गिझर दुरुस्त करतो. पंधरा वर्षं झाली. पौड रोडला भुकूममध्ये छोटं दुकान आहे, पण मी दुकानात कमी आणि लोकांच्या घरी जास्त असतो. भूगावच्या सोसायट्या, पिरंगुटकडचे बंगले, सगळीकडे जातो. या धंद्यात रोज एक वाक्य ऐकावं लागतं — "आम्ही काही केलं नाही हो, आपोआप बंद पडला." आणि मी रोज तेच उत्तर देतो, की आपोआप काही होत नसतं. झाकण उघडलं की सगळं समजतं. पाण्याच्या जाळीत कचरा बसलेला असतो, आतला रबरी पडदा फाटलेला असतो, बोअरच्या पाण्याने तांब्याची नळी क्षाराने आवळून गेलेली असते. एका बंगल्यात तर बर्नरच्या तोंडात कुंभारमाशीने मातीचं घर बांधलं होतं आणि मालक कंपनीला शिव्या घालत होते. बिघाडामागे कुणीतरी असतंच, निदान माशी तरी. आणि बंद पडलेला गिझर सुरू झाला, तर त्यामागेही कुणाचा तरी हात असतो. हे वाक्य मी आयुष्यभर गिऱ्हाइकांना ऐकवलंय, आणि आता तेच धरून बसलोय.

आमचं घर रोडपासून आत, गावठाणाच्या कडेला आहे. पुढे आमच्या चार खोल्या, बाजूला भाड्याने दिलेल्या तीन, मागे पत्र्याची पडवी. न्हाणीच्या बाहेरच्या भिंतीवर, त्या पडवीत, आमचा गिझर टांगलेला आहे. बाहेर — आत नाही. बंद बाथरूममध्ये गॅस गिझर जळत राहिला की विषारी वायू साठतो, त्याला वास नसतो, आणि माणूस झोप लागावी तसा जातो. मी कुणाच्याही घरी आत बसवून देत नाही, मग कितीही भांडोत. हे अशासाठी सांगितलं की खाली कुणी "गॅस डोक्यात गेला असेल" असं लिहू नये. आमच्या पडवीला तिन्ही बाजूंनी वारा आहे.

पडवीसमोर जमिनीतली पाण्याची टाकी, तिच्यावर सिमेंटचं झाकण. टाकीमागे कळकाचं, म्हणजे बांबूचं बेट आणि त्यातून ओढ्याकडे जाणारी पायवाट. त्या झाकणावर सकाळपासून दिवस कलेपर्यंत ऊन असतं.

आता नाना. नाना म्हणजे माझे वडील. निम्मी जमीन प्लॉटिंगला गेली तरी उरलेल्या खाचरांत भात लावणारा माणूस. त्यांच्या आयुष्यात विजेवर चालणाऱ्या वस्तू दोनच, हातातली बॅटरी आणि रेडिओ. दोन्हींत मोठे सेल. आणि सेल संपले की टाकायचे नाहीत, उन्हात ठेवायचे, ही त्यांची पद्धत. तुमच्याही घरात कुणी करत असेल. गिझर आणला तेव्हा नाना त्याच्याकडे पाहुण्याकडे बघावं तसे बघायचे. पण ठिणगी पडायला त्यालाही दोन मोठे सेल लागतात हे कळलं, आणि गिझर एकदम घरातला झाला.

आठवड्यातून एकदा नाना ते सेल काढायचे, टाकीच्या झाकणावर शेजारी शेजारी मांडायचे, लेबल वर. दुपारी जाऊन परतायचे, पापड परततात तसे. संध्याकाळी पुन्हा गिझरमध्ये. सेल ढिले बसू नयेत म्हणून आईच्या बीपीच्या गोळ्यांच्या पाकिटामागची चांदी सोलायचे, तिची चौपदरी घडी करायचे, नखाने दाबून स्प्रिंगमागे सारायचे. मी हसायचो. उन्हाची ऊब लागली की मरत्या सेलात थोडी धुगधुगी येते हे खरं आहे, पण सेल भरत नाही. हे मी त्यांना किती वेळा सांगितलं असेल त्याला गणती नाही.

हा सगळा खटाटोप आईसाठी होता. आईला संधिवात आहे. बोटं अशी वाकलीत की नळ सोडायला तिला दोन्ही तळवे लागतात. त्यामुळे वर्षानुवर्षं तिच्या आंघोळीचं पाणी नाना काढून द्यायचे. बादली भरायची, कोपर बुडवून बघायचं, गार पाणी किती घालायचं ते त्यांनाच माहीत, आणि मग हाक — "पानी काढलंय गं." आई हातातलं काम तसंच ठेवून उठायची. दोघं एकमेकांशी गोड बोलताना मी कधी ऐकलं नाही. पण ती हाक एक दिवस चुकली नाही. तेव्हा हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मला त्यात काही विशेष वाटायचं नाही.

दोन वर्षांपूर्वीचा मार्गशीर्ष. कडाक्याची थंडी, सगळ्या गावाचे गिझर एकदम बिघडलेले, माझा फोन सतत वाजतोय. आणि आमचाच बंद. उघडून बघतो तर उन्हात तापवून तापवून सेल फुटलेत, आतलं पाणी पाझरलंय आणि कॉन्टॅक्टवर पांढरा-हिरवा गंज चढलाय. भाडेकरू बादल्या घेऊन उभे. नाना शेजारी उभे. त्या वर्षी त्यांना थोडं विसरायला व्हायला लागलं होतं, हे मला माहीत होतं. तरी मी बोललो. सगळ्यांच्या देखत बोललो. "सेल उन्हात भरत नसतात नाना. जग कुठं गेलं आणि तुम्ही अडाण्यासारखं काय करत बसलाय?" आणि ते दोन्ही सेल मी कळकाच्या बेटात भिरकावले.

नाना एवढंच म्हणाले, "भरत्यात की."

मी नवे सेल टाकले आणि कामावर गेलो. आईने नंतर सांगितलं, की मी गेल्यावर ते बराच वेळ कळकात वाकून काठीने पाला बाजूला करत होते. सापडले असावेत, कारण खिशात काहीतरी घालताना तिने बघितलं. मग पायवाटेने ओढ्याकडे गेले. अंगात पैरण, डोक्याला टोपी, खांद्यावर घोंगडी. आईला वाटलं खाचराकडे निघाले. ते आजतागायत परत आले नाहीत.

चौकीत तक्रार दिली, फोटो छापून लावले, हॉस्पिटलं पालथी घातली. पौडला एसटीतून असा म्हातारा उतरला असं एक जण म्हणाला. लवासाकडच्या एका वॉचमनने सांगितलं, की एका रिकाम्या बिल्डिंगच्या पायरीवर एक आजोबा ऊन खात बसलेले दिसले होते. "उन्हात बसलेले" म्हटल्यावर मी गाडी तशीच वळवली. एकूण आठ वेळा गेलो असेन. तिथे अर्धवट राहिलेल्या इमारती खूप आहेत, एकेक मजला चढून हाका मारल्या. रिकाम्या घरात आपलीच हाक परत येते. आणि आमचा बापलेकाचा आवाज अगदी एक. फोनवर लोक नेहमी फसायचे. तिथे दोनदा मीच फसलो, दोनदा जिना धावत चढलो.

वर्ष गेलं, दुसरंही निम्मं सरत आलं. मला वाटत होतं सगळ्यात वाईट माझं चाललंय, पण तसं नव्हतं. सगळ्यात वाईट आईचं होतं. हळदीकुंकवाला बायका ओळीने कुंकू लावत यायच्या आणि तिच्यापाशी आल्या की थबकायच्या. लावावं की नाही? एखादी नुसतीच हसून पुढे जायची. दोनतीनदा असं झाल्यावर आईने जाणंच सोडलं. माझे चुलते — आम्ही त्यांना बापू म्हणतो — एक दिवस येऊन बसले आणि म्हणाले, "बारा वर्सं वाट बगायची रीत हाय, मला ठावं हाय. पन वहिनी बारा वर्सं अशीच लोंबकळत ठिवायची का? सर्वपित्रीला पुतळा करून कार्य उरकू. तिचंबी काय त्ये एक व्हईल." आईने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "तू म्हनशील तसं." मी हो म्हणालो. हे लिहायला लाज वाटते, पण त्या दिवशी मला मोकळं वाटलं होतं.

हे झालं उन्हाळ्यात. आता यंदाचा आखाड.

मुळशीचा पाऊस ज्यांनी बघितलाय त्यांना वेगळं सांगायला नको. तेरा दिवस सूर्य नाही. म्हणजे अधूनमधून डोकावला वगैरे नाही — नाहीच. सगळ्या सोसायट्यांचे सोलर गार पडले आणि लोकांना माळ्यावर टाकलेले गॅस गिझर आठवले. मला जेवायला सवड नव्हती. त्यातच आमच्या गिझरचे सेल पुन्हा पाझरले. मी ते काढून पिशवीत टाकले, गॅसचा कॉक बंद केला, आईला म्हणालो, "उद्या करतो. कॉन्टॅक्ट घासायचे आन् नवे सेल टाकायचे, धा मिंटाचं काम." दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आईसाठी घेतलेले सेल दोनदा गिऱ्हाइकाच्या गिझरमध्ये गेले. बायको पिरंगुटला पॅकिंगच्या कामाला जाते, सकाळी आठला घर सोडते. चुलीवर... म्हणजे किचनच्या गॅसवर पाणी तापलं तरी ते पातेलं आईला उचलत नाही. तीन दिवस आईने अंग नुसतं पुसून काढलं आणि मला एक शब्द बोलली नाही.

चौथा दिवस, मंगळवार. दुपारी एकच्या सुमारास मी घरी आलो. आई पुढच्या खोलीत खाटेवर बसलेली, केस ओले, पदराने कान पुसतेय. खोलीत साबणाचा वास.

मी म्हटलं, "आंघोळ केलीस? पानी कुणी तापवलं?"

"आता गं बया. तूच न्हाई का काढलंस?"

"मी आत्ता येतोय."

"मगाशी हाक मारलीस की. पानी काढलंय गं, म्हनलास. मी म्हनलं, पोरगं आज बरं येळेत आलं." मग म्हणाली, "पानी बी झ्याक व्हतं. तू लई कढत काढतोस. आज मला सोसंल तेवढंच व्हतं."

मी मागे गेलो. न्हाणीत बादली, तळाशी वीतभर पाणी, अजून कोमट. पडवीत गिझरचा कॉक उघडा. मी नळ सोडला... टक् टक् टक्, आणि भप्प करून बर्नर पेटला. निळी ज्योत, एकसारखी, कुठे पिवळी नाही. मी स्वतः सर्व्हिसिंग केलं असतं तर अशीच लागली असती.

इथे एक गोष्ट समजून घ्या. आमच्या मॉडेलमध्ये सेल नसतील तर नुसती ठिणगी पडत नाही असं नाही, गॅसचा आतला वॉल्वच उघडत नाही. काडी लावूनसुद्धा पेटवता येत नाही. आणि सेल माझ्या पिशवीत होते. मी पिशवी उघडून बघितली, तिथेच होते.

नळ बंद केला आणि सेलची डबी ओढली. आत दोन सेल. कॉन्टॅक्ट घासून लख्ख केलेले. मी सेल हातात घेतले आणि हात आपोआप मागे आला, कारण ते ऊन होते. शॉर्ट होऊन तापतात तसे चटके देणारे नाही. एका अंगाने ऊन, दुसऱ्या अंगाने थंड — उन्हात ठेवलेली वस्तू असते तसे. बाहेर पाऊस पत्र्यावर बडवत होता.

सेल जुने, कडांना गंज, खाचेत वाळलेली माती. लेबल जवळजवळ पुसलेलं. पण त्यावर मार्करने लिहिलेला महिना आणि वर्ष दिसत होतं. मी बसवलेल्या प्रत्येक सेलवर तारीख टाकतो, म्हणजे गिऱ्हाईक वाद घालत नाही. अक्षर माझं होतं, आणि साल दोन वर्षांपूर्वीचं. मी कळकात भिरकावलेले सेल हेच. नाना जे खिशात घालून गेले तेच.

मी मीटर काढला. मला दुसरं काही सुचलंच नाही, हात काम करत होते. दोन्ही सेल दीड व्होल्ट. नवे असतात तेवढे भरलेले.

मग स्प्रिंगमागे बघितलं. चांदीची चौपदरी घडी, कडा नखाने दाबलेली. ती सोडवली तर आतल्या बाजूला गोळीच्या नावाची हिरवी अक्षरं. नाना असताना आईच्या गोळ्यांच्या चांदीवर निळी अक्षरं असायची. डॉक्टरांनी गोळी बदलून हिरव्या अक्षरांची दिली ती गेल्या वर्षी, नाना गेल्यानंतर. म्हणजे ही घडी जुनी राहून गेलेली नव्हती. रिकामी पाकिटं आई किचनमधल्या फळीवर एका डब्यात ठेवते, मेडिकलवाल्याला दाखवायला. डबा काढला. वरच्याच पाकिटाची मागची चांदी अर्धी सोललेली होती.

तुम्ही म्हणाल आईनेच केलं. मलाही हेच आधी वाटलं. पण तिला पाकिटातली गोळी काढता येत नाही, रोज माझी बायको काढून हातावर ठेवते. ती चौपदरी घडी काय करणार? भाडेकरू तिघेही कामावर, खोल्यांना कुलपं. कॅमेरा पुढच्या दाराला आहे, त्यात सकाळी बायको जाताना, मी जाताना, आणि एक वाजता मी येताना. मागच्या बाजूला कॅमेरा नाही. मागे फक्त कळक आणि पायवाट.

मी पायवाटेने पळत सुटलो. चप्पल चिखलात राहिली. ओढा तुडुंब होता, पलीकडे जायची सोय नव्हती. मी काठाने वरपर्यंत गेलो, खालपर्यंत गेलो, हाका मारल्या. "नाना, सेल भरलेत, नाना" असं काहीतरी ओरडत होतो म्हणे, हे मला शेजारच्यांनी सांगितलं. पावलं बघायचा प्रयत्न केला, पण त्या पावसात माझीच पावलं मागे वळेपर्यंत भरून येत होती. दोन तासांनी चार जणांनी मला घरी आणलं.

संध्याकाळी बापू आले. सगळं ऐकून घेतलं, सेल हातात घेतले नाहीत, लांबूनच बघितले. म्हणाले, "ह्याचा अर्थ सरळ हाय. दादा गेला. त्याचा जीव वहिनीच्या पान्यात अडकलाय. सर्वपित्री कशाला, ह्याच अवसेला करून टाक. मोकळा कर त्याला."

मी म्हटलं, "बापू, मेलेल्या माणसाला चांदी सोलायला डबा कशाला लागतो?"

"मंग जित्ता मानूस घरात आला आन् बायकोला न भेटता गेला? त्ये बी तेरा दिस ऊन न्हाई आन् सेल तापवून?"

सेल एक सांगत होते, चांदी दुसरं सांगत होती. मी आईकडे बघितलं. मला वाटलं ती पुन्हा म्हणेल, तू म्हणशील तसं. आई भिंतीला टेकून बसली होती, केस अजून मोकळेच.

"भावजी," ती म्हणाली, "आज दुपारी ज्यानं मला आंगुळीचं पानी काढून दिलं, त्याचं मी शिराध घालू व्हय?"

बापू चहा न घेता गेले.

मग मी आईला हळूच विचारलं, "आई, खरं सांग. तुला आवाज माजा वाटला का नानांचा?"

ती म्हणाली, "तुमचा आवाज एकच हाय की रं." आणि मी उठल्यावर मागून म्हणाली, "पन तू मला 'गं' कवा म्हनतोस?" खरं आहे. मी तिला आईच म्हणतो. म्हणजे मंगळवारी तो 'गं' ऐकूनही ती उठून, आंघोळ करून, केस पुसत माझी वाट बघत बसली होती. तिने पडवीत जाऊन कोण आहे ते बघितलं का नाही, हे मी तिला विचारलं नाही. बघितलं असतं आणि कुणी नसतं तर काय, या भीतीनेच ती गेली नसणार. मीही तिच्याच पोटचा आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीटर लावला. दोन्ही सेल मेलेले, काटा हलायला तयार नाही. थंडगार. मी नवे सेल टाकले, पण चांदीची ती घडी होती तिथेच परत ठेवली.

सर्वपित्री आली आणि गेली. आम्ही कार्य केलं नाही. नवरात्रात आई बऱ्याच दिवसांनी शेजारी हळदीकुंकवाला गेली. कुंकू लावणारी थबकली, तर आईने स्वतःच कपाळ पुढे केलं. घरी येऊन म्हणाली, "लावलं बया तिनं." बस, तेवढंच.

मी हे चार ओळखीच्या मेकॅनिकना सांगितलं, बॅटरीच्या धंद्यातल्या एकाला सांगितलं. फुटलेला, पाझरलेला सेल दोन वर्षांनी दीड व्होल्ट दाखवू शकतो का? सगळे नाही म्हणाले. मीटर खराब असेल म्हणाले. मीटर आजही चांगला चालतो. तेव्हा कारण माझ्याकडे नाही. आणि खाली "तो त्यांचा आत्माच होता" असं लिहिण्याआधी जरा थांबा, एवढी विनंती आहे. तुम्ही ते सहज लिहाल. पण असं यायला माणूस आधी मेलेला असावा लागतो, आणि तेवढंच मला ऐकायचं नाहीये. मला अजून वाटतं, की एक हात होता. वाळलेला, खरखरीत, नखं वाढलेला हात, आणि तो किचनच्या फळीवरून डबा काढून माझ्या आईच्या गोळ्यांची चांदी सोलत होता. बाकीचं काय ते नंतर बघू.

आता पाऊस संपलाय. झाकणावर चांगलं ऊन पडतं. मी ते दोन जुने सेल रोज सकाळी तिथे शेजारी शेजारी मांडतो, लेबल वर. संध्याकाळी घरी येतो तेव्हा बहुतेक दिवस लेबल खाली गेलेलं असतं. सेल गोल असतात, वाऱ्याने कलंडतात, हे मलाही कळतं. मागच्या दाराला आम्ही दिवसा कडी लावत नाही.

हे सगळं लिहिण्याचं खरं कारण एवढंच. मुळशीत, ताम्हिणीकडे, लवासाच्या रस्त्याला, कुठेही एखादा म्हातारा उन्हात काहीतरी मांडून बसलेला दिसला, तर त्याला घरी चला म्हणू नका, तो बिचकेल. त्याच्याशेजारी बसा आणि फक्त एवढं सांगा... पोरगं म्हणतंय, भरत्यात की.